दोन तारे आणि न घेतलेली रजा

…नाही हो, पळून कुठे जाणार, इथेच उभा आहे ना तुमच्यासमोर, रांगेत एकोणिसावा! हो, हो, मीच तो. दोन तारेवाला. पेपरातल्या फोटोत केस जास्त दिसतात, कारण फोटो बावीस वर्षांपूर्वीचा आहे, सदर सुरू झालं तेव्हाचा, पण माणूस तोच. आणि असं रोखून बघू नका माझ्याकडे, मी काही या बचत संस्थेचा नोकर नाही, तुमच्यासारखीच माझीही ठेव आत आहे, आणि नुसती ठेव नाही, अख्खं घर आहे आत! जुनं घर विकलं, नवं मिळेपर्यंत पैसे ठेवायचे कुठे, तर बायको म्हणाली, "कुठे म्हणजे? दादाकडे!" दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, म्हणजे माझे मेव्हणे, म्हणजे या शटरमागचे तुमचे मॅनेजर साहेब. …हो, नात्यातले आहेत. गलका करू नका, सगळं सांगतो, लपवण्यासारखं आता राहिलंय काय माझ्याकडे? संस्था दहाला उघडते, पण मेव्हणे नऊ चाळीसलाच शटर वर करतात, चौदा वर्षांत एक दिवस चुकले नाहीत. आत्ता नऊ अडतीस झालेत. येतीलच एवढ्यात. तसं काही नसेल म्हणा…

आणि मला एक सांगा, कालच्या लेखात मी या संस्थेचं नाव लिहिलं होतं का? रस्त्याचं लिहिलं होतं? मी फक्त एवढंच लिहिलं की त्या सिनेमात दाखवलंय तसं खरोखर घडू शकतं. संपलं! आता या रस्त्यावर तीन बँका आहेत, दोन विमा कंपन्या आहेत, कोपऱ्यावर सोनाराची पेढी आहे… तिकडे आहे का कुणी? शुकशुकाट! आणि तुम्ही सगळे सकाळी आठपासून बरोबर इथेच येऊन कसे उभे राहिलात? अं? …बघा! आता सगळे आपापल्या चपलांकडे बघताय. म्हणजे तुमच्याही मनात काहीतरी होतंच की! मग शिव्या एकट्या मलाच का?

पहिल्यापासून सांगतो. दोन आठवड्यांपूर्वी तो सिनेमा आला. नाव घेत नाही, आधीच माझ्या खर्चाने त्यांची भरपूर जाहिरात झालीय. शुक्रवारी सकाळी अकराला आम्हा परीक्षणवाल्यांसाठी खास खेळ असतो, समोरच्याच थिएटरात, त्या पायऱ्या दिसतात ना, तिथे. त्या पायऱ्या लक्षात ठेवा, पुढे त्यांचं काम आहे. तर सिनेमा काय, एक मॅनेजर. तोही असल्याच एका बचत संस्थेतला. साधा, शर्टाचं वरचं बटण लावणारा, म्हाताऱ्या माणसांना उठून खुर्ची देणारा, गुडघ्यांची चौकशी करणारा. आणि हा माणूस रजा घेत नाही. ताप आला, कामावर! दाढ काढली, गालात कापसाचा बोळा धरून कामावर! मुलीला मूल झालं, तर फोनवर "कुणासारखं दिसतंय?" एवढं विचारलं, फोन ठेवला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "बसा." तास-सव्वा तास नुसतं हेच हो! ना कुणाचा पाठलाग, ना एखादी बंदूक, आणि बाहेर पाटीवर काय लिहिलंय, तर 'थरारपट'! मी म्हटलं, कसला थरार, या माणसाची हजेरी बघण्याचा?

मग मी लिहिलं. आणि तुम्हाला सांगतो, लिहिताना मजा आली, खोटं का बोलू? वाईट सिनेमावर लिहिताना पेन आपोआप पळतं. 'नायक आजारपणातही कामावर का येतो, याचं कारण लेखक-दिग्दर्शक शेवटपर्यंत देत नाहीत. खलनायक दिवा घेऊन शोधला तरी सापडत नाही. ठेवी बुडवण्याचा असला पोरकट प्रकार प्रत्यक्षात कुठेही घडत नाही, प्रेक्षकांनी निर्धास्त असावं. शेवट पहिल्या वीस मिनिटांत ओळखता येतो. दोन तारे.' झालं, चार वाजता मजकूर दिला, घरी जाऊन झोपलो.

दुसऱ्या दिवशी पेपर उघडतो तर बाकीच्यांनी काय दिलंय? चार तारे! चार! एकाने तर साडेचार, उरलेला अर्धा कुणासाठी राखून ठेवला देव जाणे! 'अंगावर काटा येतो', 'घरी जाऊन आधी कपाट उघडून कागदपत्रं तपासली', 'या वर्षातलं सर्वांत भीतिदायक दृश्य, आणि त्यात फक्त एक रजेचा अर्ज आहे'… मी म्हटलं, रजेचा अर्ज? कुठला रजेचा अर्ज? मला कसा दिसला नाही? आणि मग पत्रं यायला लागली. एक्केचाळीस पत्रं! सगळ्यांचा सूर एकच, 'महोदय, कारण मध्यंतरानंतर आहे.' एका दंतवैद्याने तर दोनच ओळी लिहिल्या, 'कारण मध्यंतरानंतर आहे. आपली प्रकृती कशी आहे?'

संपादकांनी बोलावलं. चष्मा कपाळावर. त्यांचा चष्मा कपाळावर गेला की आमच्या कचेरीत सगळे खाली मान घालून टंकायला लागतात. म्हणाले, "काय रे, तू म्हणतोस कारण शेवटपर्यंत देत नाहीत, आणि लोक म्हणतात मध्यंतरानंतर पहिल्याच दृश्यात देतात. नक्की काय?" मी म्हटलं, "साहेब, दृष्टिकोनाचा प्रश्न आहे." म्हणाले, "मग तुझा दृष्टिकोन काय ते या एक्केचाळीस लोकांना लेख लिहून समजाव."

आता समजावणार काय, कपाळ? …सांगतो, सांगून टाकतो, काल छापूनच आलंय. मी मध्यंतरात उठतो. हसू नका! बावीस वर्षं उठतोय! मध्यंतरात आम्हाला सँडविच देतात, ते खायचं, हात पुसायचे आणि निघायचं. अहो, कापड घ्यायला गेलो तर अख्खा तागा उलगडून बघतो का आपण? वीतभर बघितलं की कळतं! पूर्वार्ध पाहिला की उत्तरार्ध मला पाठ असतो, आणि बावीस वर्षांत एकदा, एकदासुद्धा कुणाच्या लक्षात आलं नाही! …म्हणजे असं मला वाटत होतं.

नऊ शेहेचाळीस? तुमचं घड्याळ पुढे असेल. माझ्यातही नऊ शेहेचाळीसच झालेत म्हणा. सायकल पंक्चर झाली असेल. तसं काही नसेल…

तर अख्ख्या जगात माझं परीक्षण दोघांना आवडलं. एक मी. आणि दुसरे आमचे मेव्हणे! शनिवारी सकाळी फोन. बावीस वर्षांत माझ्या लिखाणाबद्दल अवाक्षर न काढलेला माणूस, आणि तो म्हणतो, "भावजी, काय लिहिलंत! वा! 'निर्धास्त असावं'! मी दोनदा वाचलं." मी फुगलोच की हो! बायको माझा पेपर कपाटात अंथरायला वापरते, तिच्या भावाने दोनदा वाचलं! मी म्हटलं, "दादा, सिनेमा पाहिलात का?" तर हसले. म्हणाले, "मला कुठली उसंत? तुम्ही पाहिलात म्हणजे आम्ही पाहिल्यासारखंच." तेव्हा तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता! पण नाही पडला. स्तुती ऐकताना माणसाचं डोकं बंद असतं.

मंगळवारी एक सही करायला इथे आलो, आणि बघतो तर काउंटरच्या काचेवर मी! म्हणजे माझं परीक्षण! लॅमिनेशन करून, चारी कोपऱ्यांना टेप लावून, लोकांच्या बरोबर डोळ्यांच्या उंचीला. आणि 'निर्धास्त असावं' खाली लाल रेघ. मला आधी भरून आलं, खरंच सांगतो. मग जवळ जाऊन बघितलं. 'प्रेक्षकांनी' या शब्दावर पांढरी शाई फिरवली होती. बारीक, सफाईदार हात, लांबून कळणारसुद्धा नाही. नुसतं 'निर्धास्त असावं' राहिलं होतं. कुणीही असावं. मी स्वतःला म्हटलं, जागा कमी पडली असेल. तसं काही नसेल म्हणा…

तेवढ्यात मागून एक बाई म्हणाल्या… त्या काय, त्या पुढे तिसऱ्या नंबरवर आहेत, घडीच्या स्टुलावर बसल्यात, निवृत्त मुख्याध्यापिका, आहेत ना बाई? नमस्कार. बाई म्हणाल्या, "तुम्हीच का हे लिहिणारे? अहो, मी तो सिनेमा बघून घाबरले, आणि सरळ ठेव काढायला आले. तर साहेबांनी पाणी दिलं, आणि हे वाचून दाखवलं. म्हटलं, एवढा अभ्यासू माणूस पेपरात लिहितोय तर उगाच काय शंका घ्यायची! ठेवली परत. देव तुमचं भलं करो." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला हो बाईंनी. अजून तिथे जड लागतंय.

मग काय, गेलो उत्तरार्ध बघायला. लेख लिहायचा होता ना! बुधवारी दुपारचा खेळ, स्वतःच्या खर्चाने तिकीट काढलं. खिडकीवरचा म्हणतो, "अहो साहेब, अर्धा सिनेमा झाला." मी म्हटलं, "तोच अर्धा द्या." आत जाऊन बसलो. अंधार. सँडविच नाही, काही नाही. आणि पहिल्याच दृश्यात एक तपासनीस बाई त्या मॅनेजरसमोर बसलेली. हिशेब बघत नाही, कपाटं उघडत नाही, आवाज चढवत नाही. नुसती म्हणते, "साहेब, तुम्ही अकरा वर्षांत रजा घेतली नाहीत. आठ दिवस घ्या ना. हा अर्ज, इथे सही करा." बास! आणि त्या माणसाचा चेहरा… अहो, तो रजा घेतच नव्हता, घेऊ शकतच नव्हता! त्याच्या खुर्चीत दुसरं कुणी दोन दिवस जरी बसलं आणि एखादी म्हातारी म्हणाली, "माझी ठेव द्या," तर दुसरा काय करणार? संगणक उघडणार. आणि संगणकात ती ठेव नाहीच! ती फक्त साहेबांच्या खणातल्या वहीत! एकाची आली की दुसऱ्याला द्यायची, दुसऱ्याची आली की तिसऱ्याला, आणि हे सगळं एका माणसाने, एकट्याने, एक दिवस न चुकता करत राहायचं. कारण शोधत होतो ना मी? हे कारण! बाकी पुढे काय होतं ते मी सांगत नाही. शेवट सांगायचा नसतो, एवढा एक नियम मी बावीस वर्षं पाळलाय. मला शेवट माहीत नसायचा ही गोष्ट वेगळी.

थिएटरातून बाहेर आलो, समोर ही संस्था, आणि खिडकीत मेव्हणे. मान खाली घालून लिहिताहेत. आणि मला एकेक आठवायला लागलं हो! मेव्हण्यांचं अपेंडिक्स. शनिवारी दुपारी ऑपरेशन, सोमवारी नऊ चाळीसला शटर वर! डॉक्टर ओरडले, वहिनी रडल्या, आम्ही म्हटलं, काय निष्ठा! मुलीचं लग्न. रविवार मिळेना म्हणून पाच महिने पुढे ढकललं. आणि आमचे सासरे गेले, त्यांचे सख्खे वडील, सकाळी आठला गेले, आणि आम्ही सगळे त्यांना घेऊन थांबलो संध्याकाळी साडेसहापर्यंत, कारण मुलगा कामावर! साडेसहाला आले, वडिलांच्या पायावर डोकं ठेवून इतके रडले, इतके रडले! आणि दुसऱ्या दिवशी… हो, नऊ चाळीस. संस्थेने सत्कार केला, भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते आत लावलंय. आत्ता ते दहाला पाच कमी दाखवत असेल.

दहाला पाच कमी. कुणी जरा वाकून बघा ना, शटरच्या फटीतून दिवा दिसतोय का? नाही? पाठीमागच्या दाराने आले असतील. पाठीमागे दार नाही? …तसं काही नसेल हो.

घरी आलो. बायको भाजी निवडत होती. मी म्हटलं, "अगं, आपले पैसे काढून घेऊया का?" "का?" "दादा रजा घेत नाहीत." तिने विळीवरून मान वर केली. मी म्हटलं, "म्हणजे असं की त्या सिनेमात…" आणि मग जे काही झालं! "तुम्ही माझ्या भावावर संशय घेताय? आणि तोही कशावरून, तर सिनेमावरून? ज्याला तुम्हीच दोन तारे दिलेत त्या सिनेमावरून?" आणि विळी बाजूला सारून उभीच राहिली. "एका शर्टावर वर्ष काढून मला कॉलेजात घातलं दादाने! स्वतः शिकला नाही!" आणि हे खरं आहे हो. तीच तर सगळी गोची आहे. माणूस चांगला आहे. वाईट माणूस असता तर मी एव्हाना पोलिसांत गेलो असतो. चांगल्या माणसाचं करायचं काय? ती त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. जेवायला वाढते, पण ताट टेबलावर आपटून.

तरी आलो गुरुवारी. केबिनमध्ये गेलो. मेव्हणे उठून उभे राहिले, चहा मागवला, माझ्या पाठदुखीची चौकशी केली. मी म्हटलं, "दादा, घराचे पैसे काढावे म्हणतो." तर मोठ्याने हसले, बाहेर काउंटरवर ऐकू जाईल असे. "काय भावजी, सिनेमा बघून घाबरलात की काय?" आणि काचेकडे बोट करून माझंच वाक्य मला वाचून दाखवलं! "'असला पोरकट प्रकार प्रत्यक्षात कुठेही घडत नाही.' कुणी लिहिलंय?" बाहेरचे लोक हसताहेत. मीही हसलो. काय करणार? आणि मग माझ्या तोंडून ते वाक्य निघून गेलं, मुद्दाम नाही हो, सिनेमा डोक्यात घोळत होता. मी म्हटलं, "दादा, तुम्ही आठ दिवस रजा घ्या ना."

हसू तसंच राहिलं चेहऱ्यावर. पण कप बशीत ठेवताना वाजला.

मग ते उठले. सावकाश. खिडकीचा पडदा बाजूला केला आणि म्हणाले, "इकडे या. काय दिसतंय?" मी म्हटलं, "थिएटर." म्हणाले, "पायऱ्या कशा स्वच्छ दिसतात ना? दर शुक्रवारी अकराला तुम्ही त्या चढता. बारा पन्नासला उतरता. बाकीचे लोक दोनला उतरतात. चौदा वर्षं बघतोय. पहिली दोन वर्षं वाटलं, भावजींना पोटाचा त्रास असेल." अगदी हळू, प्रेमाने बोलत होते हो! "मी कुणाला बोललो का? माझ्या बहिणीला बोललो? तुमच्या संपादकांना बोललो? घरच्या माणसांनी एकमेकांना सांभाळून घ्यायचं असतं. आणि भावजी… तुम्ही तरी कुठे घेता रजा?"

आणि खरंच घेत नाही हो! बावीस वर्षांत एक शुक्रवार नाही! लोकांना सांगतो, सिनेमावर प्रेम आहे. कसलं प्रेम? माझ्या जागी दुसरं कुणी गेलं, शेवटपर्यंत बसलं, आणि पूर्ण सिनेमावर लिहिलं, तर वाचकांना फरक कळेल ना! त्या खिडकीत आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे होतो, आणि मला तपासनीस बाई आठवत होती, आणि मला कळेना, ती नक्की कुणासमोर अर्ज ठेवतेय. मेव्हणे म्हणाले, "सोमवारी या, पैशांचं बघून ठेवतो." सोमवारी आलो, तर "बुधवारी या". आणि दर खेपेला चहा.

आता मी गप्प बसलो असतो, खोटं नाही बोलत, मी शूर माणूस नाही. पण सोमवारी बाहेर पडतो तर काउंटरवर बाई! सोबत आणखी एक बाई, काठी टेकत आलेल्या, पिशवी छातीशी धरून. बाई म्हणाल्या, "ही माझी शेजारीण. हिचा बँकेवर विश्वास नाही, सगळं घरातच ठेवायची. हिला तुमचं परीक्षण वाचून दाखवलं, तेव्हा कुठे तयार झाली!" आणि त्या शेजारीणबाई काचेवरच्या माझ्या फोटोकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात, आणि विचारतात, "नक्की ना हो, साहेब?" मी… मी "जरा थांबा" म्हणालो. एवढंच. केबिनच्या दारात मेव्हणे उभे होते. त्यांनी शेजारीणबाईंना खुर्ची दिली. गुडघ्यांची चौकशी केली.

तिथून तडक कचेरीत गेलो आणि तासाभरात लेख लिहिला. 'मी हा सिनेमा मध्यंतरापर्यंतच पाहिला होता. गेली बावीस वर्षं मी सगळे सिनेमे मध्यंतरापर्यंतच पाहिले. उत्तरार्ध आता पाहिला. असं प्रत्यक्षात घडू शकतं. माझ्या शब्दावर कुणीही निर्धास्त राहू नये. पाच तारे.' संपादकांनी वाचलं. चष्मा कपाळावर गेला, मग खाली आला, मग काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "बावीस वर्षं?" मी म्हटलं, "हो." "मी लिहिलेलं ते नाटक, त्याच्यावरचा सिनेमा, त्याचं परीक्षण…?" मी म्हटलं, "पूर्वार्ध फार सुंदर होता, साहेब." चष्मा उचलून परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "छापतो. पण हे तुझं शेवटचं." संपलं सदर. उद्यापासून फोटो नाही. तुम्ही ओळखलंत हे शेवटचंच.

आता तुम्ही म्हणाल, एवढं केलंस तर मान वर करून उभा राहा की! कसा राहू? समजा तसं काही नसलं तर? समजा मेव्हण्यांना खरंच फक्त कामाची आवड असली तर? तर मी एका सज्जन माणसाच्या दारात सव्वाशे माणसं आणून उभी केली, बायकोचं माहेर तोडलं, स्वतःची भाकरी घालवली. आणि समजा तसं असलं… तर आमचं घर गेलं, बाईंची ठेव गेली, त्या शेजारीणबाईंची पिशवी गेली. मी कशाची आशा करू, सांगा ना? सकाळपासून मनात म्हणतोय, चूक माझी निघू दे. आयुष्यात पहिल्यांदा वाटतंय, माझं पहिलं परीक्षण बरोबर ठरू दे! असला पोरकट प्रकार कुठेही न घडू दे! बायको सकाळीच भावाकडे गेलीय, माझ्या वतीने माफी मागायला.

दहा वाजले. ते बघा, सोनाराने पेढी उघडली. बँका उघडल्या. इथे… ढकलू नका हो! अर्धा मिनिट उशीर कुणालाही होतो. चौदा वर्षांत एकदा होणारच ना! तसं काही…

थांबा. फोन आला. बायकोचा. …बघा, आठवड्याने बोलतेय! शांत राहा जरा, ऐकू येत नाही. हॅलो? हां, बोल. …अगं रडतेस का? बोल ना, भेटले का दादा? …अं? …कधी? …वहिनींना काय म्हणाले? …नाही, परत सांग. त्यांचे शब्द सांग, जसेच्या तसे. …बरं. बरं. तू वहिनींजवळ बस. मी… हो, मी इथेच आहे.

…नाही, सांगतो. सगळ्यांना एकदमच सांगतो. बाई, तुम्ही आधी त्या स्टुलावर नीट बसा. मेव्हणे सकाळी सहालाच बॅग घेऊन बाहेर पडले. वहिनींनी विचारलं कुठे. तर म्हणाले… म्हणाले, "आठ दिवस रजा घेतो."

चौदा वर्षांत पहिली.

बायको रडतेय हो. "तुमचं खरं होतं" म्हणाली. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, हे वाक्य ऐकायला मी तरसलो होतो, आणि आज ऐकलं तर वाटतंय, नसती म्हणाली तर बरं झालं असतं. शेवट सांगायचा नसतो, पण आता काय राहिलंय, त्या सिनेमाचा शेवट हाच आहे. रिकामी खुर्ची, भिंतीवर घड्याळ, आणि बाहेर एवढी मोठी रांग.

…काय? मी घरी जाऊ म्हणता? लोक चिडलेत, हळूच सटकून जाऊ? नको. आहे इथेच. माझी जागा सोडत नाही, एकोणिसावी. बावीस वर्षं मधूनच उठून गेलो, या खेपेला शेवटपर्यंत बसतो.